कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला ट्रान्सफर: शहाणपणा की जुगार?

अबोली
बे एरियातल्या पालकांना, आणि या वाटेने गेलेल्या मुलांना, विचारायचं आहे.

लेक यंदा बारावी संपवतेय. यूसीच्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, बर्कली, यूसीएलए (लॉस एंजेलिस), सॅन डिएगो या तिन्ही कॅम्पसांकडून नकार आला. यूसीचेच रिव्हरसाइड आणि मर्सेड मिळालंय. पूर्वेकडच्या एका खासगी कॉलेजानेही घेतलंय, पण त्यांची सवलत वजा करून उरलेला आकडा वाचल्यावर नवऱ्याने चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. आकडा तोच होता.

तेवढ्यात बाईसाहेबांनी जाहीर केलं की यातलं काहीच नको. दोन वर्षं डी अँझाला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात, काढणार, मग बर्कली किंवा यूसीएलएला ट्रान्सफर घेणार. विषय अर्थशास्त्र. नुसतं जाहीर करून थांबली नाही, कोणत्या क्वार्टरला (सेमिस्टरपेक्षा छोटं सत्र) कोणता कोर्स याचा तक्ताच छापून आणला.

नवऱ्याचं म्हणणं, एवढे एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) केले, एवढी जागरणं केली, ती जिथे कोणालाही प्रवेश मिळतो तिथे जायला का? मला फीचा हिशोब पटतो. पण दोन वर्षांनी पुन्हा नकार आला तर पोरगी कोलमडेल, ही धास्ती आहे.

१ मेपर्यंत कळवायचंय. ज्यांचं अडलं त्यांचं का अडलं तेही लिहा. गोडगोड नको.

खडूस
तक्ता छापून आणणाऱ्या मुलीची काळजी तुम्ही करताय? मला तक्ता न आणणाऱ्या नवऱ्याची काळजी वाटते.

निशाचर
अबोलीताई, मी गेलोय या वाटेने. फुटहिल, तेही कम्युनिटी कॉलेजच, आणि तिथून यूसीएलए, स्टॅटिस्टिक्स. लांबलचक लिहितोय, सोसा.

आधी पैसे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला डी अँझा-फुटहिलला क्वार्टर युनिटमागे ३१ डॉलर पडतात, सेमिस्टरवाल्या कॉलेजांत ४६. वर्षाचे ४५ युनिट धरले तर १४०० च्या आत काम होतं, वर किरकोळ शुल्कं. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला 'प्रॉमिस' योजनेत पहिली दोन वर्षं तेवढीही फी बऱ्याच कॉलेजांत माफ होते. यूसीची नुसती ट्यूशन पंधरा हजारांच्या आसपास, आणि राहणं-जेवण धरून वर्षाला चाळीस हजार सहज ओलांडतात.

आता नकाराच्या धास्तीचं. टॅग नावाची प्रवेशाची हमी असते. ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी) असेल तर डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ या सहांपैकी एका कॅम्पसशी टॅग करता येतो. एकाच कॅम्पसशी, आणि अर्ज सप्टेंबरमध्ये. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो टॅग देत नाहीत, तिथे नशीब आणि निबंध. म्हणजे तुमच्या लेकीला सर्वात वाईट काय होईल, तर डेव्हिस किंवा सांता बार्बरा. आत्ता हातात आहेत त्यांपेक्षा ते वाईट नाही. फक्त त्या वर्षीच्या टॅगच्या यादीत तिचा विषय आहे ना, ते बघायचं.

बाकी सगळं असिस्ट डॉट ऑर्गवर. एका बाजूला यूसीएलएचा कोर्स, दुसऱ्या बाजूला त्याच्या जागी डी अँझाचा कोणता चालतो ते. हे पान पहिल्या दिवशी उघडायचं आणि दोन वर्षं बंद करायचं नाही.

त्रास झाला तो वेगळाच. सप्टेंबरात वर्गातले सगळे गेले. त्यांचे डॉर्मचे फोटो फोनवर येत होते आणि मी आईच्या कोरोलात बसून पार्किंगच्या चकरा मारत होतो. पहिला क्वार्टर मी कोणाशी फारसं बोललोच नाही. याची तयारी ठेवा, फीची तर होतेच.

मिरजकर
एक बाळबोध प्रश्न. मर्सेडला घेतलंय ना, मग तिथेच जाऊन वर्षा-दोन वर्षांनी बर्कलीला बदली का नको? घरचंच विद्यापीठ.

निशाचर
@मिरजकर, सगळ्यांना असंच वाटतं, आणि उलट आहे. ट्रान्सफरच्या रांगेत पहिला मान कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजवाल्यांचा. एका यूसीतून दुसऱ्या यूसीला जाणारे त्यांच्या मागे. यूसीएलए जे ट्रान्सफर घेतं त्यांत दहांतले नऊ जण कम्युनिटी कॉलेजातले असतात. मर्सेडला जायचं असेल तर मर्सेडची पदवी घ्यायला जावं, बर्कलीची शिडी म्हणून नाही.

टवाळखोर
म्हणजे मुलीने सांगितलं ते बरोबर. धागा बंद करा, चहा टाका.

जुना_कागद
बंद कशाला, आत्ता तर सुरू झालाय.

"जिथे कोणालाही प्रवेश मिळतो" यावर थोडं. ही कोणाची मागच्या दाराची वाट नाही, राज्याने आखूनच ठेवलेली आहे. १९६० चा कॅलिफोर्निया मास्टर प्लॅन, क्लार्क कर यांच्या पुढाकाराने झालेला. वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट विद्यापीठं, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं, पण तिथून वर जायचा जिना बांधून दिलेला. यूसीचं आजही उद्दिष्ट आहे की दोन फ्रेशमनमागे (शाळेतून थेट पहिल्या वर्षाला येणारे) एक ट्रान्सफर घ्यायचा. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. देशातलं पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ चं.

नवऱ्याला स्टीव्ह वॉझनियॅक चालतील का? कोलोरॅडोहून परत आल्यावर डी अँझा, मग बर्कली. आणि बर्कलीची पदवी त्यांनी ॲपल उभी करून झाल्यावर, १९८६ मध्ये घेतली.

खडूस
वॉझनियॅक प्रत्येक ट्रान्सफरच्या गप्पांत येतात. त्यांच्याबरोबर डी अँझात शिकलेल्या बाकीच्यांचं काय झालं ते कोणी सांगत नाही.

खडू_फळा
खडूस यांचा मुद्दा टोचरा असला तरी बरोबर आहे. मी एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ कॅल्क्युलस शिकवते, म्हणून "बाकीच्यां"बद्दल मी लिहिते. देशभरात कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण तिघांतला एकच पुढे चार वर्षांच्या कॉलेजात पोचतो. ही मुलं मठ्ठ नसतात हो. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक जण रात्री गोदामात माल उतरवून सकाळी आठच्या तासाला यायचा. वहीवर डोकं टेकायचं, पण इंटिग्रेशन नीट करायचा. पुढच्या सत्रात दिसला नाही.

तुमच्या मुलीवर घर चालवायची जबाबदारी नाही, त्यामुळे तिचं गणित निराळं. पण तिच्यासारख्यांचंही अडतं, ते असं.

एक, 'ट्रान्सफरेबल' कोर्स आणि 'तुमच्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) चालणारा' कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि दुसऱ्या कॉलेजातल्या काउन्सेलरने त्याला धंदेवाल्यांचा छोटा कॅल्क्युलस घ्यायला लावला होता. यूसीने युनिट मोजले, पण मेजरला कोर्स धरला नाही. पोराने पहिल्यापासून मालिका केली. काउन्सेलर हजार मुलं बघतात, तुम्ही एकच मूल बघता. कागद स्वतः वाचा.

दोन, कॅल्क्युलस किंवा फिजिक्सची मालिका अर्धी एका कॉलेजात आणि अर्धी दुसऱ्या कॉलेजात करायची नाही. विशेषतः क्वार्टर आणि सेमिस्टर यांची खिचडी. जागा मिळाली नाही म्हणून मुलं असं करतात आणि मधला एखादा धडा दोन्हीकडे सुटतो.

तीन, विषय बदलणं. चार वर्षांच्या कॉलेजात पहिली दोन वर्षं विषय चाचपडायला असतात. इथे पहिल्याच क्वार्टरला मेजर ठाऊक असल्यासारखं वागावं लागतं, कारण अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. तोपर्यंत हातात एकाच वर्षाचे गुण असतात! मला विचाराल तर या वाटेतली खरी अडचण हीच आहे. फी, लाज, मित्र हे सगळं नंतर.

पॉलीवाला
खडू_फळा, वाचताना थेट माझीच गोष्ट वाटली. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतन, मिरज. डिप्लोमा करून मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात. घरातले म्हणायचे, बारावी केली असती तर बरं, लोक विचारतात. मी म्हणायचो, लोकांना लेथवर जॉब लावायला सांगा.

पण दुसऱ्या वर्षाला गेल्यावर एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, जी धुलाई केली! बारावीवाल्यांचं एम-वन, एम-टू झालेलं, आमचं गणित डिप्लोमाचं. लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर आला तेव्हा वर्गातले आम्ही सगळे "डायरेक्ट सेकंड इयरवाले" एकमेकांची तोंडं बघत होतो. वर्कशॉपला मात्र सगळे आमच्याच मागे उभे राहायचे. तुमच्याकडेही असं होतं का, ट्रान्सफर होऊन आल्यावर?

टवाळखोर
एम-थ्रीचं नाव काढू नका. बायको विचारतेय घाम का आला.

मिरजकर
@पॉलीवाला, कोणती बॅच? मी तिथलाच, ९८ ची. वर्कशॉपमधले ते फाइल घासायला लावणारे मास्तर आठवतात का? ६ मिलिमीटरचा तुकडा काटकोनात घासून द्या म्हणायचे आणि प्रकाशाला धरून परत करायचे.

पॉलीवाला
आठवतात काय, अंगठ्याला अजून घट्टा आहे. व्यनि करतो.

सुपारी
फाइली घासून झाल्या असतील तर मूळ मुद्द्यावर. मला स्पष्ट लिहायचंय, राग मानू नका. आपल्या लोकांत कम्युनिटी कॉलेज हा शब्द उच्चारला की समोरच्याचा चेहरा बदलतो. गणपतीला मंडळात कोणीतरी विचारणारच, "काय मग, कुठे मिळालं?" आणि शेजारच्या बाईंचा मुलगा नेमका कार्नेगी मेलनला गेलेला असणार. मुलीला हे सहन होईल का? मोठ्यांना बोलणं सोपं आहे, अठराव्या वर्षी हे फार लागतं. रिव्हरसाइड काही वाईट नाही. सरळ चार वर्षं एका जागी, मैत्रिणी, प्राध्यापकांशी ओळखी. मी तर तिकडेच पाठवीन.

खडूस
लाज नक्की कोणाला वाटतेय, मुलीला की मंडळातल्या बायकांना? मुलीने स्वतःहून निवडलंय असं पहिल्याच पोस्टीत लिहिलंय.

सुपारी
@खडूस, बायकांनाच का? पुरुष काय कॅम्पसचे स्टिकर गाडीच्या मागच्या काचेवर लावत नाहीत का?

टवाळखोर
लग्नाच्या बायोडेटात शेवटचंच कॉलेज लिहितात. बारावीचे टक्के कोणी लिहितं का आता?

डायब्लो
मी डायब्लो व्हॅली या कम्युनिटी कॉलेजातून बर्कलीला गेलो, म्हणून बोलायचा हक्क आहे. आणि मी सुपारीताईंच्या बाजूला थोडा झुकतो.

तिथे पोचणं आणि तिथे रुजणं वेगळं. ट्रान्सफर होऊन ऑगस्टात पाऊल ठेवलं, आणि सप्टेंबरात पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी कंपन्या हजर. बाकीच्यांकडे दोन वर्षांचे क्लब, प्रकल्प, ओळखी. माझ्याकडे बायोडेटात लिहायला शिकवणीची नोकरी. क्लबच्या मुलाखतींत विचारायचे, कोणत्या वर्षाला? थर्ड इयर म्हटलं की पुढचा प्रश्न, मग आत्ता का येतोयस?

अभ्यासाचंही @पॉलीवाला यांनी लिहिलंय तसंच. चाळीस जणांच्या वर्गातून उठून एकदम व्हीलर हॉलच्या त्या प्रचंड सभागृहात, सातशेच्या आसपास खुर्च्या. कर्व्हवर, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत, मार्किंग. पहिल्या सत्रात माझे गुण घसरले. बर्कली सेमिस्टरवर चालतं म्हणून मला तरी बरं, डायब्लो व्हॅलीही सेमिस्टरवर. डी अँझाच्या क्वार्टरमधून येणाऱ्यांना उलट वाटतं की सेमिस्टर संपतच नाही.

नको म्हणत नाहीये मी. पण दोन वर्षांत चार वर्षांचं कॉलेज मिळत नाही, हे गृहीत धरूनच जावं.

निशाचर
@डायब्लो, इंटर्नशिपबद्दल सहमत. गुण घसरण्याबद्दलही. पण त्याचा उपाय आधीच करता येतो. ट्रान्सफरच्या आधीच्या उन्हाळ्यात काहीतरी ठोस करून ठेवायचं. मी तेव्हा एका प्राध्यापकांकडे विदा (डेटा) साफ करायचं काम मागितलं, फुकट. तेच बायोडेटात वर गेलं. दुसरं, यूसीत गेल्यावर जीपीए नव्याने सुरू होतो, कम्युनिटी कॉलेजचा त्यात मिसळत नाही. पहिलं सत्र जरा हलकं घेतलं तर जमतं. यूसीएलए ट्रान्सफरना दोन वर्षं वसतिगृहाची हमी देतं, त्यामुळे मैत्रीही तितकी अवघड नाही. त्याच मजल्यावर सगळे ट्रान्सफरच होते, सगळेच बावरलेले.

कॅम्पबेलकर
आमचा मुलगा कंप्युटर सायन्ससाठी हाच विचार करतोय. ट्रान्सफरचा दर फ्रेशमनपेक्षा बराच जास्त असतो ऐकलंय. म्हणजे सोपंच झालं ना?

खडू_फळा
@कॅम्पबेलकर, थांबा. यूसीएलएला फ्रेशमन दहांत एकापेक्षाही कमी घेतात आणि ट्रान्सफर साधारण चारांत एक, हे खरं. पण ही सगळ्या विषयांची सरासरी. बर्कली-यूसीएलएच्या कंप्युटर सायन्सला ट्रान्सफरचा दरही एक आकडी टक्क्यांत असतो. आणि टॅग देणाऱ्या सहांपैकी बऱ्याच कॅम्पसांत कंप्युटर सायन्सला टॅग लागूच नाही. यूसी स्वतः दर वर्षी विषयवार आकडे आणि आत आलेल्यांचा जीपीए कुठून कुठवर होता ते प्रसिद्ध करतं. ते बघितल्याशिवाय कंप्युटर सायन्ससाठी कम्युनिटी कॉलेज धरू नका. अबोलीताईंच्या लेकीचा विषय अर्थशास्त्र, म्हणून मी एवढी निवांत आहे.

आणि "सोप्या विषयात शिरून मग आत बदलू" हेही डोक्यातून काढा. ज्या विषयांना गर्दी आहे तिथे आतून दार जवळपास बंद असतं.

रांगेतला
ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांसाठी. आमचा मुलगा एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, होता. एच-४ वर असताना कॉलेजात शिकता येतं, एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागत नाही. डी अँझासारख्याच एका कॉलेजात आम्हाला रहिवाशाची फी लागली, मात्र कागद भरपूर दिले: भाडेकरार, कर भरल्याचे पुरावे, सगळं. केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही.

खरी गोम २१ व्या वाढदिवसाची. त्या दिवशी एच-४ संपतो. ट्रान्सफरवाल्यांचा तो वाढदिवस बरेचदा नेमका यूसीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात येतो. एफ-१ ला बदललं की रहिवासी फीचा प्रश्न पुन्हा उघडतो, आणि यूसीत परराज्य-परदेशी मुलांना वर्षाला तीस हजारांहून जास्त जादा भरावे लागतात. दोन वर्षं वाचवलेले पैसे एका झटक्यात जाऊ शकतात. आम्ही वकिलाशी आधीच बोललो होतो. अबोलीताई, तुम्ही रांगेत नसाल तर हा प्रतिसाद सोडून द्या.

अबोली
@रांगेतला, आम्ही नागरिक आहोत, पण नणंदेला हे लगेच पाठवलं. धन्यवाद.

सगळ्यांचेच आभार. दोन गोष्टी लेकीला दाखवल्या. खडू_फळांचा मेजरवाला मुद्दा वाचून ती म्हणाली, "हे मला माहिती होतं." डायब्लो यांचं वाचून मात्र गप्प बसली.

अजून प्रश्न. एपीचे गुण चालतात का? आणि वर्षभर थांबून पुन्हा फ्रेशमन म्हणून अर्ज केला तर? नवऱ्याची नवी कल्पना.

निशाचर
एपी बरंचसं चालतं, पण विषयवार आणि कॅम्पसवार बघा. इंग्रजीचा पहिला कोर्स एपीवर सुटू शकतो, दुसरा, तर्कशुद्ध लेखनाचा, सुटत नाही, तो करावाच लागतो. जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे विषय कोणताही असो, करायच्या सर्वसाधारण कोर्सांच्या, यादीचं नाव आता कॅल-जीईटीसी. फॉल २०२५ पासून नव्याने सुरू करणाऱ्यांना तीच लागू, आणि तिच्यात भाषणकलेचा कोर्सही आलाय. जुन्या ब्लॉगांवर आयजीईटीसी लिहिलेलं दिसेल, त्यावरून बेत करू नका.

थांबून पुन्हा फ्रेशमन अर्ज करता येतो, पण त्या काळात कुठल्याही कॉलेजचं नियमित सत्र करायचं नाही. एकदा शाळा संपल्यावर डी अँझाचा फॉल क्वार्टर केला की ती यूसीच्या लेखी ट्रान्सफरच. आणि थांबून नवं काय दाखवणार? यूसी सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुणही बघत नाही.

जर्सीकर
इकडे पूर्वेलाही वाट आहे. न्यू जर्सीत हायस्कूलच्या वरच्या १५ टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्समध्ये काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ. एडिसनच्या मिडलसेक्समधून रटगर्स विद्यापीठात गेलेली मराठी मुलं मला माहीत आहेत. व्हर्जिनियात नोव्हा, म्हणजे नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज, आणि यूव्हीए, म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठ, यांचा हमीचा करार आहे, अटी पाळल्या तर प्रवेश. खासगींत कॉर्नेल ट्रान्सफर बऱ्यापैकी घेतं. स्टॅनफर्ड मोजकेच घेतं, त्या भरवशावर कोणी राहू नये. प्रिन्स्टनने तर कित्येक वर्षं दार बंदच ठेवलं होतं, २०१८ मध्ये उघडलं.

टवाळखोर
जर्सीकर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

सुपारी
निबंधांचं कोणी लिहिलं नाही. माझ्या भाचीने मागच्या वर्षी ट्रान्सफरचा अर्ज भरला. ३५० शब्दांची चार उत्तरं, त्यांतलं एक सक्तीचं: या मेजरसाठी तुम्ही तयारी कशी केलीत? ती म्हणत होती की फ्रेशमनच्या वेळी स्वतःबद्दल लिहायला काही नव्हतं, आता होतं. तिने दुपारी एका आइस्क्रीमच्या दुकानात काम केलं होतं आणि कुठल्या चवीला कधी गिऱ्हाईक येतं याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्याच्यावर लिहिलं. अर्व्हाइनला गेली. मी रिव्हरसाइड म्हणाले ते अजून म्हणते, पण ही बाजूही लिहिली पाहिजे.

खडूस
कोणती चव जास्त खपली?

सुपारी
केशर-पिस्ता. फ्रीमाँट आहे, दुसरं काय खपणार.

डायब्लो
अबोलीताईंची लेक गप्प झाली म्हणून जरा वाईट वाटलं, एक लिहायचं राहिलं. बर्कलीत माझे जे दोस्त आजही टिकून आहेत त्यांतले बहुतेक ट्रान्सफरच आहेत. एक जण सैन्यातून आलेला, एक दोन मुलांची आई. अठरा वर्षांच्या पोरांत अशी माणसं भेटली नसती. आणि त्या कंपन्यांपैकी एकीने शेवटी घेतलं, दुसऱ्या वर्षी. लेकीला सांगा, डी अँझात असतानाच क्लब काढावा, निदान एखाद्यात पदाधिकारी व्हावं. मी नेमकं तेच केलं नव्हतं.

अबोली
कळवायची शेवटची तारीख उद्या, म्हणून लिहिते. रिव्हरसाइडची परत न मिळणारी अनामत भरावी की नाही यावर काल रात्री घरात जोरदार चर्चा झाली. नवरा म्हणाला भरून ठेवू, सुरक्षित. लेक म्हणाली, ते पैसे मला द्या, मी पुस्तकं घेते. भरली नाही.

डी अँझाच्या काउन्सेलरची वेळ घेतलीय. नवरा सोबत जाणार आहे. "कोणालाही प्रवेश मिळतो" हे तो आता म्हणत नाही, पण असिस्टवर बसून त्याने स्वतःची एक्सेल शीट केलीय आणि टॅग डेव्हिसला करायचा की सांता बार्बराला यावर दोघांचं भांडण चालू आहे. टॅगच्या अर्जाला अजून सव्वा वर्ष आहे.

सुपारी, तुमचा राग आला नाही. मंडळात विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवलंय: डी अँझा. पुढे काही बोलायचं नाही.

खडू_फळा
छान. दोन व्यवहारी सूचना. वेळेत एज्युकेशन प्लॅन करून घ्या, त्यावर नोंदणीत प्राधान्य मिळतं. नाही तर पहिल्या क्वार्टरला कॅल्क्युलस वेटलिस्टवर. आणि ऑनर्स प्रोग्रॅमची चौकशी करा, यूसीएलएच्या टॅपसाठी (ऑनर्स पूर्ण करणाऱ्यांना ट्रान्सफरमध्ये प्राधान्य देणारी योजना) उपयोगी पडतो. जानेवारीत यूसीला गुणांची ताजी माहिती द्यावी लागते, ती लोक विसरतात आणि अर्ज रद्द होतो. आत्ताच कॅलेंडरात टाका.

पॉलीवाला
आणि गणित एक पायरी वरचं करून जा. एम-थ्री प्रत्येक देशात असतो.

ओहलोनीची_आई
छान धागा. आत्ताच सगळा वाचला. आमची मुलगी ओहलोनी कम्युनिटी कॉलेजात आहे, मानसशास्त्र, आणि तिने आधी दुसऱ्या राज्यात चार वर्षांच्या कॉलेजात एक वर्ष केलंय. तिचे ते युनिट धरतात का? आणि तिला टॅग मिळेल का?

निशाचर
@ओहलोनीची_आई, त्या कॉलेजचे युनिट यूसी तपासून घेतं, पण असिस्टवर परराज्यातली कॉलेजं नाहीत, त्यामुळे मेजरला काय चालेल ते त्या त्या कॅम्पसच्या विभागाला विचारावं लागतं. टॅगच्या अटी कॅम्पसनिहाय वेगळ्या आहेत. ठरावीक युनिट तरी कम्युनिटी कॉलेजचे असले पाहिजेत असं असतं. तुम्ही वेगळा धागा काढा, तिने कोणते कोर्स केलेत ते लिहा, बघू.